पावणं, हात न्हाय लावायचा

चौघांनी त्याला गिरणीच्या दारात धरून ठेवलं होतं आणि पाचवा डोक्यावर रंगाची बादली ओतत होता. तो असा ओरडत होता की आतल्या पट्ट्याचा आवाज ऐकू येईना. कान झाकायला त्याचा एक हातही मोकळा नव्हता. आम्ही बायका दळणाचे डबे घेऊन हसत उभ्या होतो.

मंगळवार पेठेतल्या त्या गिरणीत तो पीठ भरून द्यायचा. डबा जमिनीवर ठेवायचा, हातात कधी देत नसे. कुणी जवळ आलं की म्हणायचा, "पावणं, हात न्हाय लावायचा." रोजचं गिऱ्हाईकही त्याला पावणंच. त्या दिवशीही तो तेच म्हणाला. पण रंगपंचमीला नको म्हणणाऱ्याला आधी धरायचं, ही आमची रीत. त्याचं नको खरं असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्याची आई धावत आली. एक शेजारीण तिला म्हणाली, "अगं, मोठी साधुमाणसं अशीच असत्यात की, कुणाला शिवू देत न्हाईत."

"साधूला असं धरशीला व्हय?" आई म्हणाली. "आता अंगाला हात न लावता ह्येला कोण धुणार, ते सांगा."

आम्ही बायकांनी आपापले डबे उचलले.

हल्ली माझी नात सांगते, अमका शास्त्रज्ञ स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक असावा, तमका चित्रकारही असावा. असतील. ती हे कौतुकानं सांगते आणि माझी मान खाली जाते. आम्ही धरला तो कुणी मोठा नव्हता. गिरणीत पीठ भरणारा माणूस होता, आणि ते सगळं त्यानं सोसलं.