माणशी एक नारळ

त्या गावात मी शाळामास्तर होतो, आणि खानेसुमारीच्या साली सरकारने गाव मोजायचं काम माझ्याच गळ्यात घातलं. मी घरांना गेरूने नंबर घातले आणि कागद घेऊन दारोदार फिरलो. मास्तरला काम सांगायला सरकारला कधी लाज वाटलेली नाही.

गावाबाहेर पडायची वाट एकच होती. कातळाचा सडा उतरून खाडी, खाडीवर माणसं पलीकडे नेणारी तरीची होडी, पलीकडून रत्नागिरीपर्यंत पायी आणि तिथून मुंबईची बोट. गावातले निम्मे पुरुष याच वाटेने मुंबईला गेलेले. एवढ्याशा गावासाठी होडी ठेवायची की नाही ते माणसं किती भरतात यावर ठरेल, असं कचेरीतल्या कारकुनाने मला बजावलं होतं. मी ते गावकाराच्या कानावर घातलं. गावकार म्हणजे ग्रामदेवीचा पहिला मानकरी, साठीचा गृहस्थ. त्याचा मुलगा मुंबईला गिरणीत होता.

मोजणी शिमग्याच्या आठवडाभर आधी आली. त्या दिवशी जो घरात हजर तो गावचा, असा नियम. गावाची रीत नेमकी उलटी. होळीत माणशी एक नारळ पडायचा, मुंबईला गेलेल्याचासुद्धा. त्याचा नारळ घरचे आणत. मेल्याशिवाय कुणी गावातून वजा होत नसे. त्यामुळे घरोघरी मला मुंबईचे लोक हजर म्हणून सांगण्यात आले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी एकेक नाव खोडत गेलो. गावकाराच्या मुलाचं खोडलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, तो हतलाच हाय, ह्या गावचा. मुंबयला निस्ता कामाला गेलाय."

मी तरुण होतो आणि खरेपणाची मला घमेंड होती. ती दाखवायला माझ्या घराचा कागद मी त्याच्यासमोरच भरला. बायको चौथ्या महिन्यातच डोहाळ्यांनी हैराण होऊन खाडीपलीकडे माहेरी गेली होती. माझ्या घरी माणसं लिहिली एक.

आठवड्याने मुंबईकर आले. तरीच्या होडीला दिवसभर उसंत नव्हती, पालखीखाली खांदे मावत नव्हते. तेव्हा मात्र कुणी मोजायला आलं नाही. होळीपाशी मी एक नारळ पुढे केला.

"आनि वैनींचा?" गावकाराने विचारलं.

ती इथे नाही, असं मी म्हटलं. त्याने आपल्याजवळचा एक नारळ माझ्या नारळाशेजारी ठेवला.

पाऊस लागायच्या आधी होडी खालच्या मोठ्या गावाला गेली. हुकूम दोन ओळींचा होता. मुंबईकर धरले असते तर ती राहिली असती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मला कुणी शब्दानेही बोललं नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

आषाढात बायको बाळंतपणात गेली, बाळासकट. निरोप घेऊन निघालेल्या माणसाला खाडी ओलांडता येईना, आणि वरून फिरून यायचं तर वाटेतले ओढे, पऱ्ये दुथडी भरलेले. तो चौथ्या दिवशी पोचला. तोवर माहेरच्यांनी सगळं उरकलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा उघडून मी हजेरी घेतली. मास्तर घट्ट मनाचा, असं लोक म्हणायचे. तसं काही नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं; भात जेवत होतो, त्याला चवही लागत नव्हती. महिने असेच गेले.

पुढच्या शिमग्याला मी दोन नारळ नेले. का नेले, ते आजही सांगता येणार नाही. गावकाराने दोन्ही हातात घेतले. मग एक होळीत टाकला आणि दुसरा माझ्या हातात परत दिला.

"ह्यो घरी न्या, मास्तर," तो म्हणाला.

ती गेली हे मला तेव्हा समजलं. नारळ हातात धरून मी सगळ्या गावासमोर रडलो.