गाडी गार होईपर्यंत

आमच्या दिरांना बैलातलं जेवढं कळतं तेवढं बेल्ह्याच्या बाजारात दुसऱ्या कुणाला कळत नाही असं लोक म्हणतात. ते खरंच आहे, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त कीव येते. तीस वर्षं जनावरांचा धंदा केलेला माणूस. शिंगाला तेल चोळून चमकवलेला बैल रस्त्याच्या पलीकडून ओळखतात. दातांना कानस मारून वय लपवलेलं असलं तर जबड्यात हात घालायच्या आधीच गालात हसायला लागतात. आणि हाच माणूस मोटार घ्यायला गेला तर चकाकी बघून भुलला. टायरला काळं पॉलिश फासलेलं होतं, ते यांना दिसलं नाही. सीटला नवी कव्हरं घातली होती, ती मात्र दिसली.

मोटार मला हवी होती, त्यांना नाही, हे आधी सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, म्हातारीला हौस आली.

आमच्या मालकांच्या किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना मंचरच्या दवाखान्यात मशीनवर घालतात, चार तास रक्त धुतात आणि घरी पाठवतात. आमचं घर बेल्ह्याच्या अलीकडं, मळ्यात. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर धरा. सुरुवातीला गावातली एक जीप भाड्यानं लावली होती. जीपवाला माणूस वाईट नाही, पण लग्नाची भाडी लागली की त्याला आमची आठवण राहायची नाही. एका गुरुवारी तो आलाच नाही. शनिवारी सकाळी मालकांना आडवं पडता येईना. खाटेवर बसून, गुडघ्यांवर हात टेकून, एकेक श्वास ओढून घेत होते. कसंतरी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, वार चुकवायचा नाही. पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही."

त्या दिवशी ठरवलं की घरची गाडी घ्यायची. नवी घ्यायची ऐपत नाही, जुनी तर जुनी. मुलगा चाकणला कंपनीत, पाळीची नोकरी. पण सुनेनं लग्नाआधीच लायसन काढलेलं, आणि चालवते चांगली. मला गाडीकडून फार काही नको होतं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला ती चालू झाली पाहिजे, वाटेत बसली नाही पाहिजे, आणि तिचं खाणं आम्हाला झेपलं पाहिजे. संपलं.

आता या तीन गोष्टी मी ज्याला ज्याला सांगितल्या त्या प्रत्येक पुरुषानं मला काय विचारलं असेल? "पावणं आलं तर बसायचं कुठं?" आमच्याकडं माणूस आजारी पडला तरी आधी पाहुण्यांची सोय बघतात. आजाऱ्याला बघायला हे पाहुणे मोटारसायकलवर येतात, चहा पितात, "तब्येत उतरली हो" असं त्याच्या तोंडावर सांगतात आणि जातात. त्यांना बसवायला मी सात सीटची गाडी घ्यायची.

दिरांनी शोध स्वतःच्या अंगावर घेतला. आठ दिवसांत आले ते सांगतच, "वैनी, काम झालं. कळंबच्या पुढं रोडला आपल्या सोयऱ्यातलाच एकजण जुन्या गाड्या इकतो. पांढरी हाय, डिझेल हाय, सात सीट. लई चांगल्या दावणीची गाडी. पुढाऱ्याच्या घरची."

"खाते किती?"

"काय?"

"डिझेल. लिटरला किती जाते?"

"जाती की चांगली." हे उत्तर. बैल घेताना पेंड किती लागते हे विचारल्याशिवाय दोरीला हात न लावणारा माणूस. "आन नंबर बघा तरी वैनी, सगळी बेरीज नऊ येती."

मी कॅलेंडरच्या पाठीमागं माझी बेरीज मांडली होती, ती नऊ येत नव्हती. आठवड्याला एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे महिन्याला साडेसहाशे-सातशे. मोठी गाडी लिटरला दहा-अकरा देणार, बारकी सतरा-अठरा. मोठीचे चार टायर घ्यायचे तर एक दुभती म्हैस जाते. त्यात विमा, सर्व्हिसिंग, आणि काही तुटलं तर सामान पुण्यावरून. मग गॅसवरची बारकी बघू म्हटलं, तर सून म्हणाली, "आई, पंपावर गॅसला तास तास लाईन असते. मशीनवरून उतरलेल्या माणसाला लाईनमध्ये बसवायचं का?" तिचं खरं होतं. स्वस्त ते आम्हाला स्वस्त पडणार नव्हतं. घरात एवढा विचार फक्त तिनं केला, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तरी दिरांचं मन मोडायचं नाही म्हणून गाडी बघायला मी तयार झाले. पण एक अट घातली. ती अट माझी नव्हे, त्यांचीच. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून ऐकत आले आहे की जनावर उठताना बघावं. म्हणजे असं, की आतून अधू असलेला बैल बाजारात उभा असला तर कळत नाही. विकणारा पहाटेच त्याला फिरवून आणतो, सांधे मोकळे होतात, आणि दहा वाजता तो राजासारखा चालतो. रात्रभर बसलेलं जनावर सकाळी पहिल्यांदा उठतं तेव्हा खरं काय ते दिसतं. म्हणून दीर स्वतः मोठा व्यवहार असला की दिवस उगवायच्या आत न सांगता जाऊन उभे राहतात.

मी म्हटलं, "भाऊजी, मला गाडी गार असताना बघायची. सकाळची, पहिल्यांदा चालू करताना."

"वैनी, मशीन हाय ते. जनावर न्हाई."

"मग तर जास्तच बघायला पाहिजे. जनावर निदान कण्हतं."

ते हसले आणि हो म्हणाले. गुरुवार ठरला. मालकांना सातला मशीनवर घातलं, आणि मी आणि सून जीपनं कळंबच्या पुढं गेलो. थंडी होती. दीर आधीच हजर, पारगावला दोन गायी पोचवून टेम्पो घेऊन तिथंच आलेले. पांढरे कपडे, हातात नारळ, टेम्पोच्या आरशाला झेंडूचा हार अडकवलेला. बघायच्या आधीच घरी न्यायची तयारी. आणि आमच्या देखत त्यांनी जीपवाल्याला सांगितलं, "जा तू आता. आमची गाडी आली."

विकणारा पुढं आला. गळ्यात साखळी, डोळ्यांवर सकाळी साडेसातला काळा चष्मा. "या मावशी, या. घरचीच गाडी समजा." मी सरळ गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. भाकरी उतरल्यावर तवा असतो तसं गरम.

"चालू केली होती का?"

"धुतली जरा, पुढं-मागं केली. दादांचा रातीच फोन आला व्हता ना, मावशी सकाळी येणार म्हणून."

मी दिरांकडं बघितलं. ते हाराकडं बघत होते.

फोन करून कळवलं होतं त्यांनी. सोयरा माणूस, न सांगता कसं जायचं, बरं दिसत नाही. बैलवाल्याच्या दारात अंधारात चोरासारखा जाऊन उभा राहणारा माणूस मोटारवाल्याला आदल्या रात्री वर्दी देतो. का, तर एक धोतरवाला आणि एक चष्मेवाला.

मी म्हटलं, "ठीक आहे. शेडच्या मागं सावलीत लावा. मी गार होईपर्यंत बसते."

"मावशी, तीन-चार तास जातील."

"आमच्या माणसाचं मशीनही चार तासच चालतं. मला दुसरं काम नाही."

आणि बसले. प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, गाडीशेजारी मांडली, किल्ली मागून कनवटीला लावली. चष्मेवाल्यानं दोनदा चहा पाजला. एकदा म्हणाला, "मावशी, इंजन वाजवून बघा ना तोवर, काय आवाज हाय." एकदा म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक यायचंय. मी म्हटलं येऊ द्या, त्यालाही खुर्ची लागेल. दीर दूर टेम्पोच्या सावलीला उभे राहून कुणालातरी उगाच फोन करत होते. त्यांना लाज वाटत होती. माझी. गरम बॉनेटची वाटत नव्हती.

सून तेवढ्यात आत बसून बघत होती. तिनं मला हाक मारली. "आई, मीटरवर चाळीस हजार दाखवतंय, पण क्लचच्या पेडलचं रबर बघा. गुळगुळीत झालंय, लोखंड दिसतंय. चाळीस हजारात एवढं झिजत नाही."

मी दिरांना बोलावून दाखवलं. "भाऊजी, हे दात कानस मारलेले दिसतात."

"पुढाऱ्याचा डायवर दांडगा असंल," म्हणाले. खूर झिजलेल्या बैलाबद्दल असं कुणी यांना सांगितलं असतं तर त्याला बाजारातून हुसकून लावला असता.

साडेअकराला मी बॉनेटवर पुन्हा हात ठेवला. गार होतं. किल्ली सुनेच्या हातात दिली.

गाडी उठली नाही. घुर्र घुर्र करत राहिली आणि गप्प झाली. पुन्हा तेच. चष्मेवाला म्हणाला बॅटरी उतरली असेल, आणि दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून वायरी जोडल्या. आता जास्त जोरात घुरघुरली, पण चालू झाली नाही. "थंडी हाय ना, मावशी."

"सोमवारीही थंडी असेल," मी म्हटलं.

मग त्याची दोन माणसं ढकलायला लागली. आणि माझे दीर, पांढऱ्या कपड्यांसकट, त्यांच्यात जाऊन खांदा लावून ढकलायला लागले. विकत घेणारा माणूस. रस्त्यापर्यंत ढकलल्यावर ती एकदाची पेटली आणि मागं एवढा काळा धूर सोडला की दिरांच्या सदऱ्याची बाही भरली. बाही झटकत ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, "झाली बघा चालू."

मला हसू आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की सकाळी सहाचा अंधार आहे, मालक अंगणात खुर्चीवर बसलेत, आणि आम्ही दोघी बायका ही सात सीटची ढकलतोय.

"नको," म्हटलं. "चला."

तेव्हा दिरांनी हळूच सांगितलं की विसार देऊन झालाय. पंचवीस हजार. त्यांच्याच खिशातले, मला आश्चर्याचा धक्का द्यायला. चष्मेवाला साळसूदपणे म्हणाला, "बाजाराचा नियम तर दादांना म्हाईत हाय. मोडलं त्याचा विसार बुडाला." दिरांनी मान हलवली. वादसुद्धा घातला नाही. नियम पाळायचा कुठं, आणि कुणाबरोबर, हे कळायलाही अक्कल लागते.

मालक तिकडं दवाखान्याच्या बाकावर कधीचे बसून होते, आणि जीप परत पाठवलेली. मग केबिनमध्ये चौघं मावणार नाहीत म्हणून सुनेला एसटीला बसवून दिलं आणि आम्ही टेम्पोनं मंचरला गेलो. त्यांना दोघांनी दंडाला धरून वर केबिनमध्ये चढवलं. मशीनवरून उतरलेला माणूस म्हणजे पिळलेलं फडकं असतं. शेणाचा वास, मागं रिकाम्या साखळ्यांची खडखड. टेम्पो मात्र किल्ली फिरवल्याबरोबर चालू झाला.

कळंब मागं पडल्यावर मी विचारलं, "भाऊजी, हा लिटरला किती देतो?"

"भरला असला तर बारा, रिकामा साडेतेरा. मागचे टायर दोन वर्षं जातात, पुढचे तीन. आईल दर धा हजाराला. गेल्या साली फक्त एक पट्टा तुटला, साडेचारशेचा." घडाघडा, श्वास न घेता.

मालकांनी डोळे मिटलेले होते. तसेच म्हणाले, "भावड्या, टेम्पोचं एवढं ठावं हाय. मग माझ्या गाडीला का रे इसरला?"



जीपवाला रुसला. त्याला हाकलून दिलं होतं, तो कशाला येईल. मग मी दिरांना सांगितलं की घरची गाडी येईपर्यंत दोन्ही वार तुमचा टेम्पो. बेल्ह्याचा बाजारही सोमवारीच भरतो. तीन सोमवार त्यांचा बाजार बुडाला, आणि काय सांगू, माणसाची नजर एकदम साफ झाली. चौथ्या आठवड्यात, फोन न करता, पहाटे पाचला ते एका दूध डेअरीच्या साहेबाच्या अंगणात जाऊन उभे राहिले. साहेब ब्रश करत बाहेर आला, गाडीवर दव होतं, एका किल्लीत चालू झाली. बारकी, पेट्रोलची, रंग उडालेला. सामान आळेफाट्याला कुठल्याही दुकानात मिळतं. ती घेतली.

गाव बघून गेलं. "एवढीच?" म्हणाले. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या मानानं बरी आहे. एवढं बोलायला चालत आलेली माणसं.

दीड वर्ष झालं. एकही वार चुकला नाही. दोनदा पंक्चर, एकदा बॅटरी बदलली. आळेफाट्याची एक बाई, त्याच दवाखान्यात त्याच वारी जाणारी, एसटीत उभी राहून यायची. आता ती मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसते. येताना दोघंही आजारी झोपलेले असतात आणि सून गाणी बारीक आवाजात लावते.

परवा दीर अंगणात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वैनी, मोठी घेतली असती तर अजून दोन पेशंट बसले असते."

मी त्यांना चहा दिला आणि आत गेले.