क्लचवरची दोन बोटं

आमचे पप्पा, म्हणजे लासुर्ण्याचे संघपाल बाजीराव साबळे, गाडी चालवतात असं म्हणणं जरा चुकीचंच आहे. ते गाडीला घाबरत घाबरत नोकरीवर जातात. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायचं त्यांचं काम. जायला-यायला आरएक्स हंड्रेड मोटरसायकल. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे आणि घरात माझ्यापेक्षा लाडाचीही आहे.

पप्पांना रस्त्यावर कुणीही लांबून ओळखतं ते त्यांच्या डाव्या हातामुळं. गियर बदलायचा असो वा नसो, त्यांची दोन बोटं क्लचवरून कधी खाली उतरत नाहीत. इतक्या वर्षांत बोटांनाही तेच वळण पडलंय. ताटावर बसले, टीव्हीसमोर बसले, विहारात बुद्धवंदनेला हात जोडले, तरी ती दोन बोटं जराशी वाकलेलीच असतात. आई म्हणते, "झोपंत बी क्लच धरत्यात."

मी हसायचे. त्या बोटांमागं काय आहे हे मला ऐकून माहीत होतं, पण ऐकलेल्या भीतीनं कुणी घाबरत नाही.

मी आईच्या पोटात होते तेव्हाची गोष्ट. पप्पा आईला तपासणीसाठी बारामतीला घेऊन निघाले होते. थंडीचे दिवस. या गाडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. उजव्या बाजूला ऑइलची वेगळी छोटी टाकी असते आणि तिथून एक पंप ते इंजिनात थोडं थोडं सोडत राहतो. आदल्या दिवशी ऑइल संपलं, आणि गावातल्या एका दुकानदारानं "ऑइल ते ऑइल" म्हणून जीपगाडीचं जाड ऑइल हातात दिलं. पप्पांनी ते घातलं. सकाळच्या गारठ्यात ते पंपातून हललंच नाही. भवानीनगरच्या पुढं इंजिन सीज झालं, म्हणजे आतला पिस्टन तापून जागीच अडकला. मागचं चाक धावता धावता बांधल्यासारखं थांबलं. गाडी आडवी घसरत गेली आणि दोघं उसाच्या कडेला फेकले गेले. आईच्या कोपरावर त्याचा व्रण आहे. मला काही झालं नाही हे उघडच आहे, नाहीतर हे लिहायला मी इथं नसते. पण पप्पांच्या लेखी ती सकाळ अजून संपलेली नाही.

अशा वेळी क्लच दाबला तर चाक सुटतं, हे त्यांना कुणीतरी नंतर सांगितलं. तेव्हापासून ती दोन बोटं तिथं आहेत.

आणि तेव्हापासून ऑइल आणणं हा आमच्या घरात एक सोहळा आहे, तोही सुतकी चेहऱ्यानं करायचा. दुकानदार बिचारा एक बाटली पुढं करतो. पप्पा ती उजेडात धरतात, उलटी करतात, आतला बुडबुडा किती वेळात वर चढतो ते बघतात. सावकाश चढला की बाटली परत. एकदा कुणीतरी त्यांना शर्यतीच्या गाड्यांचं महागडं ऑइल सुचवलं. "शर्यत कुणाला लावायचीय? मला घरी यायचंय," म्हणून तेही परत. मेकॅनिक लोकांचा सल्ला एकच: पंप काढून फेका, पेट्रोलमध्येच ऑइल घाला, कटकट मिटली. त्यावर पप्पांचं उत्तर ठरलेलं. "आन एखाद्या दिशी घालायचं इसरलो म्हंजी?"

शेवटी त्यांनी एक जुनं, स्वस्तातलं, पातळ टू-टी ऑइल, म्हणजे असल्या गाड्यांचंच, कायमचं धरून ठेवलं. त्याचा गुण एकच होता, ते भरपूर धूर करायचं. पप्पा निघाले की गल्लीतले लोक खोकत. पण पप्पा आरशात मागं बघत आणि निळ्या धुराची रेघ दिसली की त्यांच्या जिवात जीव येई. धूर आहे म्हणजे ऑइल पोचतंय. एवढं घाबरता तर गाडी विकून स्कूटर का घेत नाही, असं मी एकदा चिडून विचारलं होतं.

"नव्या गाडीचं भ्या कसलं आसतं मला ठावं न्हाय," ते म्हणाले. "हिचं पाठ हाय."

या वर्षी ते गोठ्यात शेणावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. कोपरापासून पंजापर्यंत प्लॅस्टर. बोटं तेवढी बाहेर, पण त्यांच्यावर जोर द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नेमकी तीच बोटं. पप्पा हाताच्या दुखण्यानं नाही, गाडी नुसती उभी आहे या काळजीनंच खचले. मग गाडी मी चालवायला लागले. मी बारामतीत औषधांच्या दुकानात कामाला आहे, आणि रोज संध्याकाळी घरी आले की माझी उलटतपासणी व्हायची. धूर होता का? आवाज कसा होता? बोटं कुठं होती?

"क्लचवर," मी म्हणायचे. खोटं नव्हतं. त्यांच्याकडं गाडी शिकलेल्या माणसाची बोटं दुसरीकडं जाणारच कुठं?

त्यांचं ते जुनं ऑइल आता मिळेनासं झालं होतं. मी ऑइलच्या दुकानात बसून, बाटल्या वाचून, विचारून, वेगळ्या टाकीच्या गाड्यांसाठीच असलेलं कमी धुराचं ऑइल आणलं. चांगलं होतं ते, आजही मी तेच वापरते. पप्पांनी बाटली हातात घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"धूर न्हाय म्हंजी कळायचं कसं गं?"

"पप्पा, धूर होण्यासाठी ऑइल नसतं घालत."

"आन जुन्यात नवं मिसळू नगं. दूध फाटतं तसं ऑइल फाटतं."

डेअरीतला माणूस, त्याला सगळं फाटतानाच दिसणार. मी जुनं सगळं काढून टाकलं, नळीत नवं उतरवून घेतलं. तरी पुढची अट आलीच: आधी थोडंच घाल, चार दिवस बघू, मग टाकी भर. म्हणून टाकी तळाशी तेवढी ओली राहील इतपतच नवं ऑइल घातलं. ही त्यांची खबरदारी. पुढं जे झालं ते या खबरदारीतूनच झालं, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

प्लॅस्टर काढायचा दिवस आला. मी पुढं, पप्पा मागं. आपल्याच गाडीवर ते पहिल्यांदाच मागं बसत होते. उजव्या हातानं मागची कडी धरली आणि प्लॅस्टरचा डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. आमचे आबा, म्हणजे पप्पांचे वडील बाजीराव, फडक्यानं गाडी पुसून दारात उभे होते, अगदी खुशीत.

"दमानं जावा," आबा म्हणाले.

लासुर्णं सुटलं आणि मागून सुरू झालं.

"दिशे, धूर दिसंना."

"कमी धुराचंच आहे पप्पा ते."

"काल थोडा तरी हुता म्हनलीस."

"मागं बसून कसा दिसेल? नीट बसा बघू."

कारखान्याचा हंगाम होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ताभर. एकाला मागं टाकून मी पुढं आले, तो मागून गाणी लावून येतच होता. आमची गाडी हलकी पळत होती, मला तर बरंच वाटत होतं. पण पप्पांचा हात माझ्या खांद्यावर जड होत चालला होता. त्यांची भीती मला कपड्यांतून कळत होती. मी वैतागले. आणि वैतागता वैतागता मलाही ऐकू आलं: आवाज बदलला होता. कोरडा झाला होता. पायांना नेहमीपेक्षा जास्त धग लागत होती. वेग आपोआप मंदावत होता आणि मी तर मूठ पिळलेली.

"सोड!" पप्पा ओरडले. "मूठ सोड, दिशे, सोड!"

पोटात असताना मी जिथून गेले होते तोच रस्ता होता. ट्रॅक्टरचा हॉर्न अगदी कानामागं वाजला. आईचं कोपर आठवलं. आणि खालून एक आवाज आला, दात खाल्ल्यासारखा, आणि मागचं चाक जागीच अडकलं.

गाडीचं बूड डावीकडं फेकलं गेलं. माझ्या खांद्यात दोन बोटं रुतली. एवढंच मला नक्की सांगता येतं. पुढच्याच क्षणी चाक मोकळं होतं, इंजिन मेलेलं होतं, आणि आम्ही सरळ, आवाज न करता, डांबर सोडून कडेच्या मुरमावर घरंगळत होतो. ट्रॅक्टर धाडधाड करत शेजारून गेला. दोन्ही ट्रॉल्या गेल्या. उसाची एक पात माझ्या गालाला घासून गेली. गाडी थांबली. ती मी थांबवली की आपसूक थांबली, देव जाणे असंही म्हणायची आमच्याकडं सोय नाही.

आम्ही उतरलो. पप्पांनी गाडीचा आधार घेतला, मी पप्पांचा. मला रडू येत होतं. जन्मभर ज्याला भ्यायलं ते होऊन गेल्यावर माणसानं काय करायचं?

मग पप्पांनी उजव्या हातानं ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. पप्पांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागं घेतलं. मीही हुंगलं. पेट्रोल.

मी आबांना फोन लावला. पप्पांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आबा, गाडीच्या ऑइलच्या टाकीत काही घातलंत का?"

"व्हय की!" आबांचा आवाज कौतुकानं भरला होता. "पुसताना बघितली तर मोकळीच! गोठ्यात निळी बाटली हुती, फवारणी पंपाजवळ. वतली समदी. पोरगं दवाखान्याला चाललंय, आन मोकळं भांडं दारातनं कसं जाऊ दिऊ?"

आमच्या आबांचं हे असंच. शेजारणीची वाटी परत करायची तर त्यात चार डाळिंबाचे दाणे तरी घालणार. पण त्या बाटलीत डाळिंबावर फवारायच्या पंपासाठी कालवून ठेवलेलं पेट्रोल होतं, ऑइल त्यात नावाला. रंग तेवढा निळा. ते तळाच्या ऑइलात गेलं, ऑइल पाण्यासारखं झालं, आणि नळीतलं चांगलं ऑइल संपेपर्यंत आम्ही मजेत आलो. मी तोंड उघडलं होतं, आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं असतं ते बरं नव्हतं. पप्पांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"आबा," ते म्हणाले, "गाडी झ्याक पळतीया. जेवन करून घ्या."

त्यांचा आवाज जराही हलला नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला घाबरणारा हा माणूस, आणि म्हाताऱ्याला धक्का बसू नये म्हणून रस्त्याच्या कडेला उभं राहून बिनदिक्कत खोटं बोलत होता. मला त्यांच्याबद्दल एकदम इतकी माया दाटून आली की मी तोंड फिरवून उसाकडं बघत राहिले.

पिंपळीच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत आम्ही बाभळीखाली उभे होतो. माझा खांदा ठणकत होता. मी मान वळवून बघितलं तर ड्रेसवर दोन चुण्या तशाच पडलेल्या. क्लच आधी मी दाबला की पप्पांनी माझ्या खांद्यावर, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

"दिशे," पप्पा हळूच म्हणाले, "सोड की आता."

"काय?"

त्यांनी हनुवटीनं माझ्या हाताकडं दाखवलं. गाडी हातभर लांब, स्टँडवर उभी होती. माझा डावा हात रिकामा होता आणि त्याची दोन बोटं हवेत आकडा करून वळलेली होती. मी ती सरळ करून बघितली. होईनात. मग मी पप्पांच्या प्लॅस्टरकडं बघितलं. तिथंही तेच चाललं होतं.

"तुमी आधी सोडा," मी म्हणाले.