दाजींनी शोधलेलं स्वस्त हॉटेल

सोपानराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कस्तुराक्काचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायचो. दाजी किती चांगले होते हे सांगणारे भोसरीत पुष्कळ भेटतील, ते काम मी त्यांच्यावर सोडतो. मला दाजी आठवतात ते दुसऱ्याचं बघून पोटात दुखणारे.

त्यांना कुणाचं काही बघवायचंच नाही. जमिनी एमआयडीसीत गेल्या तेव्हा सगळ्या भावकीला सारखाच दर मिळाला. पण चुलत्याच्या तुकड्यात विहीर होती, म्हणून त्याला वर थोडे जास्त आले, आणि ती विहीर बुजून तिच्यावर कारखान्याची शेड उभी राहिली तरी दाजींच्या डोक्यातून गेली नाही. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भेटायला खूप लोक यायचे. दाजींनी अक्काला गावातून माणसं गोळा करून आणायला लावली. बिचारीनं आणलीही. मी त्या माणसांतच होतो, हातात मोसंबी घेऊन.

कामाला मात्र वाघ. आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे बनतात त्या खात्यात होतो. कंपनी स्विस लोकांच्या सहकार्याने उभी राहिलेली. दाजी कानस चालवायला लागले की बघत राहावं. त्यामुळे पंचाहत्तर साली साहेबांनी जाहीर केलं, की टूलरूममधला एक माणूस सहा महिने स्वित्झर्लंडला शिकायला पाठवायचाय, तेव्हा दाजींनी परीक्षा द्यायच्या आधीच स्वेटर विणायला टाकल्यासारखी तयारी सुरू केली. अक्काला विचारलं, तिकडं भाकरी नसली तर मी काय खाऊ?

निवड झाली भीमराजची.

भीमराज पिंपरीचा. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घर बौद्ध वस्तीत. दाजींपेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, आयटीआय झालेला, बोलायला कमी. त्याचं काम साहेबाला आवडलं आणि ड्रॉइंगही त्याला चांगलं वाचता यायचं. आम्ही सगळेच त्याच्यावर जळलो, उगाच कशाला खोटं बोला! पण आमचं जळणं हार घालून, विमानतळावर पोचवून संपलं. दाजींचं तिथून सुरू झालं. ते सहा महिने त्यांनी अक्काला घरात नीट जेवू दिलं नाही. बर्फात त्याचे कान गळून पडतील, मशीनवर हात जाईल, साहेब परत धाडेल, असं रोज काहीतरी. भीमराज धडधाकट परत आला, वर गाल भरून आला.

आल्यावर त्यानं सगळ्यांना चॉकलेट वाटलं आणि फोटो दाखवले. बर्फाचे, कारखान्याचे, आगगाडीचे फोटो दाजींनी पत्ते पिसल्यासारखे पुढे ढकलले. एका फोटोपाशी मात्र थांबले. लाकडी टेबलाच्या मधोमध एक जाडजूड भांडं, खाली बत्ती, आणि भोवती पाचसहा माणसं हातात लांब काटे घेऊन बसलेली. त्यातला एक भीमराज.

"हे काय चाललंय?" दाजींनी विचारलं.

"ब्रुनर फोरमनच्या घरी जेवायला बोलावलं होतं," भीमराज म्हणाला. "फॉन्ड्यू म्हणतात त्याला. चीज वितळवून त्या भांड्यात ठेवायचं. पावाचा तुकडा काट्याला टोचायचा, आत बुडवायचा आणि खायचा."

"सगळ्यांनी त्याच भांड्यात?"

"त्याच. वेगळं घेतलं तर ते फॉन्ड्यूच नाही म्हणतात."

"आन् ही म्हातारी कोण, तुझ्या शेजारची?"

"फोरमनची आई."

दाजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हातारीचा काटा आणि भीमराजचा काटा भांड्यात एकमेकांवर आडवे पडले होते. "तिला ठावं होतं का," दाजी बोलायला लागले आणि थांबले.

"काय ठावं होतं?" भीमराजनं विचारलं.

"काय न्हाई."

दाजींना काय विचारायचं होतं ते आम्हा सगळ्यांना समजलं. भीमराजलाही समजलं. आमच्या खात्यात दुपारी डबे उघडले की भाज्या इकडून तिकडे फिरायच्या. खिडकीजवळ भीमराज एकटा जेवायचा. त्याला कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि ये असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो फोटो बघून दाजींच्या पोटात जे दुखलं, ते विमानासाठी नव्हतं आणि बर्फासाठीही नव्हतं. कंपनीत आलेला स्विस साहेब दाजींच्या सलामाला मानसुद्धा हलवायचा नाही, आणि तिकडे त्याच साहेबांच्यातली म्हातारी भीमराजच्या काट्याला काटा लावून जेवत होती!

घरी आल्यावर दाजी अक्काला म्हणाले, "खोटं हाय समदं. फोटो काढण्यापुरतं बसवलं आसंल त्याला."

आता आमच्या खात्याचा रिवाज असा, की कुणाला बढती मिळो, मुलगा होवो, नाहीतर परदेशवारी घडो, त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं. भीमराजनं विचारलं, कुठे जाऊ या? ज्ञानदेव नावाचा आमच्यातला एक खादाड गडी म्हणाला, "तू तिकडं जे खाल्लंस तेच आम्हाला खायला घाल." सगळ्यांनी हो हो केलं. भीमराज हसला. म्हणाला, पुण्यात असलं हॉटेल कुठे असेल मला माहीत नाही, आणि असलं तरी माझ्या खिशाला झेपायला हवं.

"हाटेल मी हुडकतो," दाजी म्हणाले.

 दाजी दुसऱ्यासाठी आपण होऊन काही करत नाहीत, हे मला माझ्या बहिणीच्या लग्नापासून ठाऊक. त्यांना हॉटेल शोधायचं नव्हतंच. असलं जेवण जगात नसतं, हे त्यांना शोधून काढायचं होतं.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी दाजींनी मला राजदूत मोटरसायकलवर मागे बसवलं आणि आम्ही पुण्याला लष्कर भागात, म्हणजे कॅम्पात गेलो. आधी एका इराण्याकडे विचारलं. चीज म्हटल्यावर त्यानं ब्रेडवर चीज ठेवून आणलं. पुढे एका मोठ्या हॉटेलात दरवाजावरच्या दरवानानंच आमच्या चपलांकडे पाहून विचारपूस सुरू केली. आत मॅनेजर म्हणाला, होऊ शकेल, आणि त्यानं माणशी जो आकडा सांगितला त्यात आमच्या खात्याची सबंध दिवाळी झाली असती. तिसऱ्या ठिकाणी वेटरला वाटलं आम्ही फंडासाठी वर्गणी मागायला आलोय. जसजसं नाही ऐकू येत होतं तसतसा दाजींचा चेहरा खुलत होता. उसाचा रस त्यांनी स्वतःच्या पैशांनी पाजला, यावरून काय ते समजा.

शेवटी मुख्य रस्त्यामागच्या एका बोळात पिंटो नावाच्या गोवेकराचं छोटं हॉटेल सापडलं. पिंटो आधी जहाजावर आचारी होता. दाजींनी तोंड वाकडं करूनच विचारलं, आणि पिंटो खुर्चीतून उठलाच. "फॉन्ड्यू? किती वर्षांनी कोण विचारतो! एक भांडं मध्ये, खाली बत्ती, सगळे मिळून खायचं. कसलं जेवण आहे ते, राव!"

"सगळे मिळून? एकात?" दाजींनी पुन्हा विचारलं.

"मग? त्याशिवाय मजा काय?"

गुरुवारी संध्याकाळी हॉटेल रिकामं असतं, डब्यातलं चीज वापरीन, दारू नको असेल तर आणखी कमी होईल, असं म्हणत पिंटोनं भीमराजला सहज झेपेल असा दर सांगितला. मी खूश झालो. दाजींनी भोसरीपर्यंत दोनदा खड्ड्यात गाडी घातली.

मला वाटलं, आता ते हॉटेल सापडलंच नाही म्हणून सांगतील. पण तसं केलं असतं तर शोधायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने आला असं झालं असतं, आणि तेही त्यांना बघवलं नसतं. त्यांनी खात्यात छाती काढून सांगितलं, "हुडकलं! सस्तात बशिवलं!" भीमराजनं त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. पैसे आगाऊ द्यायला मग दाजी एकटेच पुण्याला जाऊन आले.

पुढच्या गुरुवारी आम्ही अकरा जण बसने गेलो. सगळ्यांचे इस्त्रीचे शर्ट, डोक्याला तेल. भीमराजनं तिकडून आणलेला निळा टाय लावला होता. तो टायसुद्धा दाजींना सलला, कारण बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "फासाची गाठ कशी मारत्यात रं ती?" लांब टेबलाभोवती बसलो. भीमराज मधल्या खुर्चीवर बसून मधली जागा मोकळी करायला लागला, पाण्याचे पेले बाजूला सरकवायला लागला, भांडं ठेवायला जागा हवी म्हणून.

वेटर आला आणि त्यानं प्रत्येकासमोर एकेक चिनी मातीची वाटी ठेवली. पिवळं चीज, शेजारी बशीत पावाचे तुकडे. अकरा जणांना अकरा वाट्या. भीमराज आपल्या वाटीकडे बघत राहिला.

आम्ही तुकडे बुडवायला सुरुवात केली. पहिले दोन घास बरे लागले. मग चीज गार पडलं, घट्ट झालं, ओढलं की लांबच लांब तार निघायची. ज्ञानदेवनं तुकडा उचलला तर सगळी वाटीच वर आली. "अरे हे सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आहे का?" तो म्हणाला आणि सगळे खदखदा हसले. दाजी सगळ्यात मोठ्यानं हसले. इतके दिवस पोटात धरलेलं ते हसू होतं. "आरं भीमराज, हे खायला इमानातनं गेलतास व्हय? आमच्या कस्तुराचं पिठलं बरं की रं यापरीस!"

 भीमराजचे कान लाल झाले. जेवण त्याचं होतं, पाहुणे त्याचे होते, आणि तो सगळ्यांसमोर खोटा पडत होता.

आमचं हसू ऐकून पिंटो आतून आला. टेबलावरची दशा बघून भडकलाच. "मी बोललो होतो की नाही? गार झालं की दगड होतं ते! बत्तीवर मध्ये ठेवायची वस्तू आहे ही!" त्यानं सरळ दाजींकडे बोट केलं. "या साहेबांना मी दहादा सांगितलं, एक भांडं घ्या, तेच स्वस्त पडतं. नाही म्हणाले. वेगळ्या वाट्याच पाहिजेत. त्याचे जास्तीचे पैसेसुद्धा स्वतःच्या खिशातून देऊन गेले!"

हसू जागच्या जागी थांबलं. चुलत्याच्या विहिरीवरून आयुष्यभर रडलेल्या माणसानं पदरचे पैसे घातले होते, ते भीमराजशी एका भांड्यात हात जाऊ नये म्हणून! मला दाजींची इतकी लाज वाटली, की मी त्यांच्या शेजारून उठून जाणार होतो.

भीमराजनं शांतपणे टाय सैल केला. "सहा महिने परक्या मुलखात राहिलो, सोपानराव," तो म्हणाला. "तिथे मला कुणी वेगळी वाटी दिली नाही. ती मिळाली माझ्याच पार्टीत."

दाजींनी हातातला पावाचा तुकडा बशीत ठेवला.  

पिंटोनं आतून मोठं भांडं आणलं, बत्ती लावली. वेटरनं सगळ्यांच्या वाट्या गोळा करून त्यात उपड्या केल्या. कुणाचं उष्टं, कुणाचं काय, कुणी विचारलं नाही. भीमराजनं आपली वाटी दिली नाही.

चीज पुन्हा पातळ झालं, वास सुटला. आम्ही काटे घेतले. दाजी उठले. पावाचा तुकडा काट्याला टोचून टेबलाला वळसा घालून ते भीमराजच्या खुर्चीपाशी आले. "हे बग," ते म्हणाले, "मी खातो तुझ्यातलं. समद्यांच्या म्होरं खातो." त्यांनी काटा त्याच्या वाटीकडे नेला.

भीमराजनं वाटीवर पालथा हात ठेवला. "राहू द्या. ही माझी आहे."

दाजी परत येऊन जागेवर बसले. मधल्या भांड्यातलं खरोखर चवदार लागत होतं, ज्ञानदेव तर बोलायचा थांबला होता. भीमराज चमच्यानं आपल्या वाटीतलं गार, घट्ट चीज सावकाश खरवडून खात होता. आम्ही दाजींच्या हातात पुन्हा पुन्हा काटा दिला. त्यांनी एक घास बुडवला नाही. समोर भरलेलं भांडं सोडून ते शेवटपर्यंत त्या एका वाटीकडे बघत राहिले, जणू तशी वाटी जगात दुसऱ्या कुणाला मिळालीच नव्हती.