बिचारी न म्हणणारा शेजारी

माझी बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी मी आणि शेजारचा पिंजारी माझ्या घराच्या छपरावरचे कवेलू फेरत होतो. तो वर चढलेला, मी खालून देत होतो; ती आत गादीवर, कितीक दिवसांची आजारी. त्याच्या भुवयांत बारा महिने कापूस असायचा. बोलणं थोडं, पण ठोक. लंगडं कुत्रं दिसलं की आम्ही "बिचारं!" म्हणून पुढं जायचो. हा खाली बसून त्याच्या पायातला काटा शोधायचा.

मयतीला बाया जमल्या. "अरेरे, बिचारी! वक्तावर दवाखान्यात नेली असती तं वाचली असती व माय," असं एकमेकींना सांगायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण मला मान वर करवेना.

मसणातून परतताना मी पिंजाऱ्याला विचारलं, "मीच मारली का रे तिले?"

तो म्हणाला, "मारली नाई. पण उशीर केला तुनं, भाऊ. मी बी रोज पाहून राह्यलो होतो. मी बी बोललो नाई."

इतकं तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं, आणि दोषातला आपला वाटाही कोणी उचलला नव्हता.

मेलेल्या माणसाची गादी टाकून द्यायची आमच्याकडे रीत. माझ्यानं तिची गादी उचलवली नाही. सकाळी उठलो तर हा अंगणात पिंजायची धुनकी घेऊन बसलेला. गादी उसवून तिचा कापूस पिंजत होता.

"कापूस चांगला हाय," म्हणाला. "यावरच निजजो तू."