गरम जेवण

उमरेडच्या एसटीनं त्या दर मंगळवारी नागपूरला यायच्या. घरी सांगायच्या, डोळे दाखवायला जाते. दवाखान्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसायच्या आणि भिंतीकडे पाहत बोलायच्या.

"नवरा गेला, बाई, आन मले चांगली झोप लागून राहिली. कोणाले सांगू?" एवढं बोलून पदर तोंडाशी धरायच्या.

सत्तरच्या दशकात मी अस्तित्ववादी उपचारपद्धती नुकतीच शिकत होते. तीत माणसाची लाज पुसायला जायचं नसतं. त्या लाजेसकट त्याला कसं जगायचंय, ते विचारायचं असतं. मी विचारलं, "आता तुम्हाला काय हवंय?"

चोरी कबूल करावी तशा त्या पुटपुटल्या, "गरम जेवाचं हाये. जनमभर सगळ्यायचं झाल्यावर गार जेवली."

पुढच्या मंगळवारी त्या बसायच्या आधीच बोलल्या. "काल सुनेले म्हटलं, चाल वं, आज आपन दोघी आधी बसू. पोरगा पाहतच राहिला."

"लाज वाटली?"

"वाटली ना! मान काही वर झाली नाही. पन ताटावरून उठली नाही."