पाण्यातून जाणारा बाबल्या

मालवणच्या बाजारात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकं कमी आणि किस्से जास्त! फुटलेली स्क्रीन घेऊन आलेला माणूस ती कशी फुटली ते सांगतो, मग मी माझा एखादा सांगतो, आणि तासाभराने दोघांनाही आठवतं की स्क्रीन बदलायची आहे. किस्से म्हणजे सुक्या मासळीचा डबा. कितीही घट्ट लावा, झाकण उघडलं की चार घरांना कळतं.

लोकांचे किस्से लग्नाचे असतात, नोकरीचे असतात. माझे सगळे एकाच गोष्टीचे. चार वर्षं आम्ही चार मित्र मोबाईलवर गेम खेळून जगलो. हसू नका, खरंच जगलो!

*

टीमचं नाव ‘रापण’. बाबल्या, डिग्या, मामाकडे राहणारा जामसंड्याचा सुशांत आणि मी, मंगेश. गेम साधा. एका बेटावर सोळा टीम उतरतात, एकमेकांना मारत सुटतात, जगायची जागा आकसत जाते आणि शेवटी उरेल ती टीम जिंकते.

वाडीत नेटवर्क धड कुठेच नव्हतं. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीत मात्र चार काड्या यायच्या. म्हणून आमची प्रॅक्टिस होडीत! चौघं माना खाली घालून बसलेले, वर झावळ्यांचं छप्पर. येणारे-जाणारे विचारायचे, “काय रे, आज होडी खंय पोचली?”

“रशियाक!” डिग्या मान वर न करता सांगायचा. समोरची टीम खरंच तिकडची असायची.

त्या गेममध्ये नद्या आहेत, समुद्र आहे. पाण्यात उतरलं की बंदूक चालत नाही. बुडी मारली तर श्वास मोजून मिळतो, संपला की खेळ खलास. त्यामुळे देशभरचे खेळाडू पाण्यापासून चार हात लांब. आणि आमचा बाबल्या सरळ पाण्यात! बुडी मारून लांबून वळसा घ्यायचा आणि समोरच्यांच्या पाठीमागे निघायचा. “बाबलो पानी में!” असं कॉमेंटेटर ओरडला की आम्ही समजायचो, मॅच आपली.

एका स्पर्धेत दिल्लीच्या पोराने विचारलं, “भाई, तुम लोग किसी चीज़ से डरते नहीं क्या?”

डिग्या म्हणाला, “डरते हैं ना. तात्या से!”

तात्या म्हणजे बाबल्याचे वडील.

*

पहिलं मोठं बक्षीस मिळालं तेव्हा वाटणीला बसलो. सुशांत बी.कॉम. त्याने कॅल्क्युलेटर काढला आणि रकमेला चाराने भागलं.

“चार खंयचे?” बाबल्या म्हणाला. “आठ वाटे कर.”

त्याचं बरोबर होतं. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं ते रापण. त्यात दोराला हात लावील त्याला वाटा मिळतो. जाळ्याला वेगळा वाटा, होडीला वेगळा. टीमला नाव रापणीचं दिलं तर रीतही रापणीचीच. चार वाटे आमचे. पाचवा फोनचा, कारण ते आमचं जाळं. सहावा ज्याच्या होडीत बसायचो त्याचा. सातवा देवीचा.

“आठवो कोणाचो?” मी विचारलं.

आठवा निघाला वायरमनचा! फायनलच्या आदल्या दिवशी वाडीतली लाईट गेली होती आणि तो बिचारा माडापेक्षा उंच खांबावर चढून तार जोडून गेला होता. आम्ही चौघं पाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो. पाकीट बघून तो दोन पावलं मागे सरला आणि हात जोडून म्हणाला, “बाबांनो, घरी जावा. माका सस्पेंड करतले!”

*

आता तात्यांचं सांगायला हवं. ते सांगताना मला हसू येत नाही.

बाबल्याचा थोरला भाऊ विनायक. ट्रॉलरवर जायचा. एका वादळात ट्रॉलर परत आला, विनायक आला नाही. बाबल्या तेव्हा दहावीत होता. त्यानंतर तात्या होडीत बसले नाहीत. किनाऱ्यावर उभं राहून रापणीचा दोर तेवढा ओढायचे.

आमचं नुकतंच नाव व्हायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. बाबल्या पडवीत बसून सराव करत होता, मी शेजारी. तात्या जाळं शिवता शिवता उठले आणि पोरगा दिवसभर करतो तरी काय म्हणून त्याच्या खांद्यावरून डोकावले. नेमका तेव्हा बाबल्याचा माणूस पाण्याखाली. श्वासाची पट्टी संपत आलेली, स्क्रीन लाल व्हायला लागलेली. बाबल्या मुद्दाम शेवटच्या क्षणापर्यंत खाली थांबायचा. तीच तर त्याची खुबी!

“भायर काढ तेका!” तात्या ओरडले. “भायर काढ! मरतलो तो!”

बाबल्याने दचकून माणूस वर काढला. “तात्यानू, खेळ आसा ह्यो. मेलो तरी परत येता.”

तात्यांनी हातातली सुतळी गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाले, “माझ्यासमोर ह्यो खेळ खेळू नको.”

रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी बाबल्याच्या फोनकडे एकदाही बघितलं नाही. आम्ही मोठमोठ्या स्पर्धा जिंकलो, यूट्यूबवर लाखो लोक मॅच बघायचे, आणि जिंकल्यावर बाबल्याचा पहिला फोन आईला: “आये, तात्यानी बघल्यानी काय गो?”

आई कधी म्हणायची, “जेवतत रे.” कधी म्हणायची, “जाळा शिवतत.” खोटं बोलायला तिला जमायचं नाही. बाबल्या फोन ठेवायचा आणि मग कप हातात घेऊन आमच्यासोबत फोटोला उभा राहायचा. ते सगळे फोटो माझ्या दुकानात लावलेत. नीट बघा, एकाही फोटोत तो हसत नाही. त्याला दुसरं काही नको होतं, एकदा तात्यांनी आपला खेळ बघावा एवढंच.

*

सुशांतला नोकरीसाठी खेळाडू असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं. कप घेऊन चौघंही एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या क्रीडा ऑफिसात गेलो. ऑफिसातल्या मॅडम भल्या होत्या. फॉर्म घेऊन एकेक रकाना विचारायला लागल्या.

“खेळाचा प्रकार?”

“सांघिक,” आम्ही सगळे एकदम.

“मैदानाचं माप?”

डिग्याने खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. “साडेसहा इंच, मॅडम.”

मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचेही बघायला आले. त्यांनी फोन हातात घेऊन मॅच बघितली, आम्हाला चहा पाजला. म्हणाल्या, या खेळाला तसा रकाना नाही, पण अर्ज वर पाठवते. साक्षीदार म्हणून बाबल्याला सही करायला सांगितली. त्याने पेन धरलं. अंगठा असा थरथरायला लागला की पेन कागदावर टेकेना. खेळून खेळून तो दुखतो हे आम्हाला माहीत होतं, इतका दुखतो हे माहीत नव्हतं.

“सही जमत नसेल तर अंगठा द्या,” मॅडम म्हणाल्या आणि शाईचा पॅड पुढे केला.

बाबल्या कसंनुसं हसला. “तोच तर दुखतो, मॅडम.”

*

एका वेबसाइटवर यादी आली. देशात गेम खेळून सर्वांत जास्त बक्षिसं मिळवणारे खेळाडू. यादीच्या पार तळाला बाबल्याचं नाव, आणि पुढे आकडा! तो आकडा अख्ख्या टीमचा, त्यातून आम्हाला करारावर घेतलेल्या क्लबचा हिस्सा जायचा, टॅक्स जायचा, मग आमचे आठ वाटे. पण हे यादीत कुठे लिहिलेलं असतं? वाडीत बोभाटा झाला. कोणी देवळाची पावती आणली, कोणी शाळेची. एक जण तर म्हणाला, ट्रॅक्टर बघून ठेवलाय, पैसे तेवढे तू दे!

मी बाजारात जाऊन यादीचा प्रिंट काढला आणि हौसेने त्याच्या घरी नेला. वाटलं, निदान कागद तरी तात्या बघतील. तात्या घरी नव्हते. आई चुलीपाशी बांगडे भाजत होती. तिने हात पुसून कागद घेतला. तिला वाचता येत होतं. आकड्यावर बोट ठेवून तिने एकेक शून्य वाचलं.

मग म्हणाली, “बाबल्या, ह्येच्यात डिझेल किती दिवसांचा इला असता रे?”

आम्हाला आधी कळलंच नाही. विनायक गेला तेव्हा वाडीतल्या सगळ्या होड्या त्याला शोधायला गेल्या होत्या. आठ दिवस शोधलं. नवव्या दिवशी कोणाकडेच डिझेल उरलं नाही.

तव्यावर बांगडे करपले, ते आम्ही तसेच खाल्ले.

*

बाबल्याला कुडाळची मुलगी सांगून आली. तिचे वडील एमआयडीसीत सुपरवायझर, हिशेबी माणूस. पोरगा वेबसाइटवर आहे एवढं ऐकून होते. आम्ही मुलगी बघायला गेलो. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले.

“झिलाचा वय किती?” मुलीच्या वडिलांनी विचारलं.

“चोवीस,” मी म्हणालो. मीच मध्यस्थ!

“आणि ह्यो खेळ किती वर्षांपर्यंत चलता?”

इथे मी चहाचा कप तोंडाला लावला. क्लबने आठवड्यापूर्वीच कळवलं होतं: बाबल्याचा अंगठा गेला, वेग गेला, या महिन्यातली फायनल त्याची शेवटची. ते आम्हा चौघांपलीकडे कोणालाच माहीत नव्हतं. बाबल्यानेच सांगून टाकलं. “ह्या महिन्यात रिटायर होतंय.”

मुलीचे वडील चहा प्यायचे थांबले. तात्यांकडे वळले. “तुमचा वय?”

“अडुसष्ट.”

“करतात काय?”

“रापण वढतंय.”

“तुम्ही रिटायर कधी?”

“नाय होवचंय.”

“मगे झिलापेक्षा बापाशीची नोकरी पक्की आसा!” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. सगळे हसले, मुलगीसुद्धा. सोयरीक तिथेच संपली.

परतीच्या एसटीत तात्या खिडकीशी बसले होते. कसालपर्यंत बाहेरच बघत होते. मला वाटलं, पोराची इज्जत गेली म्हणून खट्टू झाले असतील. मग न वळता त्यांनी विचारलं, “ती शेवटची म्याच खंय आसा?”

“पुण्याक,” बाबल्या म्हणाला.

“मी येतलंय.”

बाबल्याने माझा हात धरला. त्याचा तो दुखरा अंगठा माझ्या मनगटात रुतत होता, तरी मालवण येईपर्यंत मी हात सोडवून घेतला नाही.

*

पुण्याचा हॉल केवढा! भिंतभर स्क्रीन, धूर, निळे दिवे, आणि पहिल्या रांगेत खेळाडूंच्या घरचे. तिथे आमचे तात्या. पांढरा शर्ट, गळ्यात पास. खुर्चीत पाठ न टेकता बसलेले. स्टेजवर चढण्याआधी बाबल्याने मला तीनदा विचारलं, “तात्या खंय बसलेहत?” तिन्ही वेळा मी बोट दाखवलं.

बक्षीस एवढं होतं की आठ वाटे करूनही आमच्या प्रत्येकाच्या घरावर स्लॅब चढला असता. शेवटच्या मॅचपर्यंत आम्ही वर होतो. शेवटची मॅच काढली की कप आमचा.

सुशांत लवकर गेला, मग मी, मग डिग्या. आमच्यातला उरला एकटा बाबल्या, समोर दोघं. जगायची जागा नदीपलीकडे सरकलेली. पलीकडे जायला दोन वाटा. एक पूल, लांब, उघडा, दोघांच्याही बंदुका त्यावर रोखलेल्या. दुसरी वाट पाण्यातून.

हॉलमधला प्रत्येक माणूस उभा राहिला. कॉमेंटेटरचा आवाज बसला होता, तरी ओरडला, “अब वो जाएगा! बाबलो पानी में!” लोक टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागले, “पानी! पानी! पानी!” मी स्टेजवरून तात्यांकडे बघितलं. सगळे उभे असताना ते एकटेच बसलेले. दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरलेली. पण डोळे समोर, स्क्रीनवर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

बाबल्याचा माणूस नदीच्या काठावर आला. थांबला. आमच्या कानात त्याचा श्वास ऐकू येत होता.

“उतर मेल्या!” डिग्या हेडफोनमध्ये किंचाळला. “उतर!”

बाबल्याने माणूस वळवला आणि पुलावर घातला.

अर्धा पूलही झाला नाही. दोन्हीकडून गोळ्या आल्या. भिंतभर स्क्रीनवर दुसऱ्याच टीमचं नाव झळकलं, वरून चमकीचे कागद पडायला लागले, आणि ते आमच्याही अंगावर पडले.

डिग्याने हेडफोन आपटला. तो रडत होता. स्टेजमागच्या पॅसेजमध्ये त्याने बाबल्याची कॉलर धरली. “पाण्यात कित्याक नाय उतरलंस? सांग माका! डोळे मिटून जिंकलेलंव आपण! कित्याक नाय उतरलंस?”



तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याला पास दाखवत तात्या आत आले. सावकाश चालत जवळ आले. डिग्याचा हात त्यांनी कॉलरवरून काढला आणि बाबल्याच्या केसांत अडकलेला चमकीचा कागद वेचून काढला.

“पुलावरसून गेलंस,” तात्या म्हणाले. “बरा केलंस.”